मोबाईलला भोंगा का नसतो

माझं मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे, सोलापुरात पूर्व भागात, आणि दुकानात गिऱ्हाइकासाठी एक लाकडी बाकडं आहे. डिस्प्ले बदलायचा म्हणलं की तास-दीड तास जातो, जुना फोल्डर (काच आणि डिस्प्ले एकत्र असलेला भाग) गरम करून सोडवायचा, गम खरवडायचा, नवीन बसवून रबर लावून ठेवायचं, तेवढा वेळ माणूस बाकड्यावर आणि त्याचा फोन माझ्या टेबलावर उघडा पडलेला. अशा वेळी माणसं काय करतात हे मी गेली तेरा वर्षं बघतोय आणि खरं सांगतो, यावर कुणीतरी पीएचडी करायला पाहिजे. पहिली पाच मिनिटं नीट बसतात. मग हात खिशाकडं जातो. खिसा रिकामा. हात परत मांडीवर. थोड्या वेळानं परत खिशाकडं.

मागं एक काका आले होते, बँकेतनं रिटायर झालेले, साठी ओलांडलेली. त्यांचा हात मी सहज मोजला. अर्ध्या तासात अकरा वेळा शर्टाच्या खिशापाशी गेला, आणि दर वेळी चेहऱ्यावर तोच भाव, अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसा.

"काय शोधूलालाव काका?" म्हणलं.

"काय नाही बे, सवय."

आता मोबाईलवर पोट असलेल्यानं मोबाईलच्या सवयीवर लिहायचं म्हणजे ताडीवाल्यानं दारूबंदीचं कीर्तन करायचं, असं बायको म्हणाली. असू दे. माझं स्वतःचं पण तेच झालं होतं, आणि त्यातनं बाहेर पडायला जे वाचलं ते बरंचसं इंग्रजीत आणि डोक्यावरनं जाणारं होतं, म्हणून मला कळलं तेवढं आपल्या भाषेत टाकतोय.

आधी नळाचं बघू. सोलापूरकराला पाण्याचं वेगळं काय सांगायचं, चार-पाच दिवसांनी येतं आणि नक्की किती वाजता येईल ते नळालाच माहीत. समजा पाणी रोज सकाळी सहालाच आलं असतं, तर दुपारी दोनला नळ उघडून बघायला कोण गेलं असतं? पण येणार एवढं पक्कं आणि कधी ते पक्कं नाही, मग आई रात्री साडेदहाला तोटी फिरवून बघते, अकराला बघते, नळातनं फुस्स झालं की उठून बघते, झोपेत पण एक कान तिकडंच. आईला नळाचं व्यसन लागलंय असं आपण म्हणत नाही. मिळेल का नाही, कधी मिळेल याचा भरवसा नसला की माणूस सारखं सारखं बघतो, डोक्याची रचनाच तशी आहे.

फोनमध्ये हेच चाललंय. उघडल्यावर दर वेळी भारी काहीतरी दिसलं असतं तर आपण कंटाळलो असतो, आणि कधीच काही दिसलं नसतं तर फोन ठेवून दिला असता. पण चौदा रील फालतू आणि पंधरावं असं की हसून हसून पोट दुखतं, मग त्या सोळाव्यासाठी अंगठा आपोआप वर जातो. अमेरिकेत बी. एफ. स्किनर म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी कबुतरांवर हे फार आधी, १९५० च्या दशकातच, दाखवून ठेवलंय. चोच मारली की दाणा, असं ठरलेलं असलं की कबूतर भुकेपुरती चोच मारायचं. पण दाणा कधी तिसऱ्या चोचीला, कधी तिसाव्या चोचीला असं केलं की ते थांबायचंच नाही, आणि दाणा बंद केल्यावर पण कितीतरी वेळ टकटक चालूच. जुगाराची मशीन याच हिशोबावर चालतात. फोन खाली ओढून रिफ्रेश करताना ते चाक अर्धा सेकंद फिरतं ना, ते बघताना मला कायम ती मशीनच आठवते.

आणि इथं तो डोपामिन शब्द येतो, जो हल्ली दुसरी-तिसरीतली पोरं पण बोलायला लागलीत. डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन असं सगळीकडं लिहिलेलं असतं, ते अर्धवट आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञानं माकडांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी कधी कामाला लागतात ते मोजलं. माकडाला ज्यूसचा थेंब दिला की सुरुवातीला पेशी थेंबाला उसळायच्या. मग थेंबाच्या आधी दिवा लावायला सुरुवात केली, तर थोड्या दिवसांनी पेशी थेंबाला गप्प आणि दिव्याला उसळायला लागल्या. दिवा लागूनही ज्यूस आला नाही तर नेहमीपेक्षाही खाली जायच्या. पुढं २००३ मध्ये याच टीमनं दाखवलं की ज्यूस मिळण्याचा चान्स बरोब्बर निम्मा-निम्मा ठेवला की वाट बघण्याच्या काळात या पेशी सगळ्यात जास्त कामाला लागतात. म्हणजे हे रसायन खाण्याचं कमी आणि ताट येईल का नाही याचं जास्त आहे. म्हणूनच तासभर रील बघून माणूस खूश होऊन उठत नाही, तोंड आंबट करून उठतो, तरी उद्या परत तिथंच बसतो.

दिवा म्हणजे आपल्याकडं नोटिफिकेशनचा लाल ठिपका. आणि लाईक. फेसबुकनं लाईकचं बटण २००९ च्या फेब्रुवारीत आणलं, त्याआधी कुणाचा फोटो आवडला तर कायतर लिहावं लागायचं. फेसबुकचे पहिले प्रेसिडेंट शॉन पार्कर २०१७ मध्ये जाहीर कार्यक्रमात बोलून गेले की आम्ही माणसाच्या मनातल्या एका कमजोरीचा फायदा घेत होतो आणि ते आम्हाला माहीत होतं. बनवणाराच असं म्हणतोय म्हणल्यावर मग आपण घरातल्या पोराला "तुला इच्छाशक्तीच नाही" म्हणून झापायचं, हे मला जरा अन्यायाचं वाटतं. एका बाजूला बारावीचं पोरगं आणि दुसऱ्या बाजूला हजारो इंजिनियर, पगारी.

आता भोंगा.

माझे आजोबा गिरणीत होते. सोलापूर एकेकाळी भोंग्यावर चालायचं हे नवीन पोरांना सांगून पटत नाही. जुनी मिल १८७७ ला चालू झाली, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, आणि त्यांचे भोंगे अख्ख्या गावाला ऐकू जायचे, घरात घड्याळ नसलं तरी चालायचं. आजी भोंग्यावर चूल पेटवायची, भोंग्यावर भाकरी बांधायची, आणि पाळी सुटल्याचा भोंगा झाला की कसंही काम असलं तरी माणूस हातातलं टाकून बाहेर. मालक काय दयाळू होता म्हणून नाही, पुढच्या पाळीचा माणूस दारात उभा असायचा. पण थांबायची एक खूण होती. पेपरला शेवटचं पान होतं, दूरदर्शनला रात्री शेवटचा कार्यक्रम होता, कॅसेटची बाजू संपून खट्ट करून बटण वर यायचं. ती खट्ट झाली की माणूस एक क्षण भानावर यायचा आणि विचार करायचा, दुसरी बाजू लावू का झोपू?

मोबाईलमधनं ती खट्टच काढून टाकली. २००६ मध्ये एझा रास्किन नावाच्या डिझायनरनं पान संपायच्या आतच खाली पुढचं पान येऊन चिकटेल अशी सोय केली, बाप जेफ रास्किन म्हणजे ॲपलचा मॅकिंटॉश प्रकल्प ज्यांनी सुरू केला ते. पोराचा हेतू साधा होता, माणसाला सारखं "पुढचं पान" दाबायला लागू नये. पण झालं काय, फीडला तळच राहिला नाही, विहिरीत पोहरा सोडला आणि दोर सुटतच चाललाय. पुढं त्यानंच या गोष्टीचा जाहीर पश्चात्ताप केला. आपल्याकडं २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा पाण्यापेक्षा स्वस्त झाला (सोलापुरात तर टँकरपेक्षा नक्कीच), २०२० च्या जूनमध्ये टिकटॉक बंद झालं आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं रील आणलं, म्हणजे विहीर तीच, नुसता रहाट बदलला.

आणि गंमत बघा, भोंगा परत कुणी आणला तर आपल्याच शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या एका गावानं. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. लॉकडाऊनमध्ये पोरांच्या हातात अभ्यासासाठी फोन आले ते परत निघेनात, मग गावानं २०२२ च्या १५ ऑगस्टपासून ठरवलं, संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजणार, सगळ्यांनी मोबाईल आणि टीव्ही बंद करायचे, साडेआठला परत भोंगा, मग चालू. दीड तास. पोरं अभ्यासाला, मोठी माणसं वाचायला नाहीतर एकमेकांशी बोलायला. मला यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट कुठली वाटते सांगू, की हे एकट्यानं करायचं नाहीये. तुम्ही एकट्यानं फोन बंद केला तर घरातले बाकीचे चार जण खाली मान घालून बसलेले दिसतात आणि तुम्ही येड्यासारखं पंख्याकडं बघत बसता. सगळ्यांचे बंद झाले की बोलण्याशिवाय दुसरं करायलाच काही उरत नाही.

माझं असंच पंख्याकडं बघणं झालं होतं. दीड वर्षापूर्वी फोनमधलं डिजिटल वेलबीइंग उघडून बघितलं, दिवसाला पाच तास दहा मिनिटं, आणि यात दुकानातलं काम धरलेलं नाही. तावातावानं इन्स्टाग्राम काढून टाकलं. पहिला दिवस मस्त, दुसरा दिवस बरा, तिसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला दुकान बंद करून घरी आलो, जेवलो, बायको सीरियल बघत होती, पोरगी अभ्यासाला, आणि मी गॅलरीत उभा. आता काय? पूर्वी या वेळेला मी कन्ना चौकाकडं जायचो, चहाच्या गाड्यापाशी आमचा पाच-सहा जणांचा कट्टा होता. त्यातले तीन पुण्याला गेले, एक हैदराबादला, एकाशी बोलणं बंद झालं, कारण पण आता नीट आठवत नाही. कट्टा कधी मोडला ते कळलं पण नव्हतं, कारण त्या जागेवर फोन हळूच येऊन बसला होता. चौथ्या दिवशी ॲप परत टाकलं. आणि तेव्हा डोक्यात आलं की मी दात काढला पण खड्डा तसाच ठेवला.

यावर एक जुना आणि गाजलेला प्रयोग आहे, उंदरांचा. कॅनडात ब्रूस अलेक्झांडर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकाच्या शेवटी केलेला. आधीचे प्रयोग असे असायचे की पिंजऱ्यात एकटा उंदीर, एका बाजूला साधं पाणी आणि एका बाजूला अफूच्या जातीतल्या मॉर्फिनचं पाणी, आणि उंदीर मॉर्फिनच पीत बसायचा, म्हणून सगळे म्हणायचे बघा, ड्रगमध्येच ती ताकद आहे. अलेक्झांडर म्हणाले, अरे पण पिंजऱ्यात एकट्याला कोंडलंय, तो बिचारा दुसरं करणार काय? त्यांनी मोठी मोकळी जागा केली, डबे, चाकं, लपायच्या जागा, आणि मुख्य म्हणजे नर-माद्या धरून बाकीचे उंदीर. तिथले उंदीर मॉर्फिन फारच कमी प्यायले. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर नंतर दुसऱ्यांनी हा प्रयोग करून बघितला तेव्हा दर वेळी असंच निघालं नाही, त्यामुळं नुसत्या उंदरावर सगळी इमारत उभी करू नये.

पण माणसांचं पण एक उदाहरण आहे आणि ते जास्त पक्कं आहे. व्हिएतनामच्या लढाईत अमेरिकेचे कितीतरी सैनिक हेरॉईन घ्यायला लागले होते, १९७१ मध्ये अमेरिकेचं सरकार हादरलं, हे सगळे घरी आले की काय होणार. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी परत आलेल्यांचा पाठपुरावा केला. जवळपास वीस टक्के सैनिक तिकडं व्यसनी झालेले. आणि घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्या व्यसनी झालेल्यांपैकी परत व्यसनात गेले ते पाच टक्क्यांच्या आसपास. बाकीच्यांना जागा बदलली, माणसं बदलली, काम मिळालं, आणि बऱ्याच जणांचं ते सुटलं, तेही उपचाराशिवाय. हेरॉईन आणि रील एका मापात मोजायचं नाही, तेवढी अक्कल आहे मला. पण व्यसन म्हणजे फक्त माणूस आणि वस्तू एवढंच प्रकरण नसतं, त्या माणसाच्या आजूबाजूला काय आहे आणि काय नाही हे पण त्यात येतं, हे यावरनं कळतं.

मग कुणी म्हणेल, माणसंच पाहिजेत ना, ती तर फोनमध्ये पण आहेत की. ग्रुपवर दोनशे जण आहेत. बरोबर. पण शरीराला ते पुरत नाही असं दिसतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनला २०१२ मध्ये एक अभ्यास झाला, सात ते बारा वर्षांच्या मुलींना परक्या माणसांसमोर भाषण द्यायला लावलं, गणितं सोडवायला लावली, म्हणजे चांगलाच घाम फोडला. मग काही मुलींना आई प्रत्यक्ष भेटली, काहींशी आई फोनवर बोलली, काहींशी आईनं चॅटिंग केलं, आणि काहींना कुणीच नाही. ज्यांना आई भेटली किंवा आईचा आवाज ऐकू आला त्यांच्यात ताणाचं हार्मोन कॉर्टिसॉल उतरलं आणि जवळिकीचं ऑक्सिटोसिन वाढलं. आणि ज्यांना आईचे मेसेज आले त्या मुली जवळजवळ कुणीच न भेटलेल्या मुलींसारख्याच राहिल्या. शब्द आईचेच होते, धीर पण दिला असणार, पण आवाज नव्हता. पोरगं पुण्याला हॉस्टेलवर असेल तर "जेवलास का" मेसेज करायच्या ऐवजी फोन लावा, तुमच्या दोन रोट्या जळतील तेवढंच.

हे असं का, याचं रॉबिन डनबार यांनी दिलेलं उत्तर मला आवडतं. हे ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ, माणूस साधारण दीडशे जणांशीच खरं नातं टिकवू शकतो असं म्हणणारे. माकडं तासन्‌तास एकमेकांचे केस विंचरत, किडे वेचत बसतात, ते स्वच्छतेपुरतं नसतं, त्यानं मेंदूत एंडॉर्फिन, म्हणजे दुखणं कमी करून बरं वाटायला लावणारं रसायन, सुटतं आणि दोस्ती घट्ट होते. माणसांचे कळप मोठे झाले, एवढ्या जणांच्या उवा कोण बघणार, म्हणून मग हसणं, गप्पा, एकत्र गाणं ही कामं त्याच्या जागी आली, असं त्यांचं म्हणणं. आमच्या गल्लीत मात्र दोन्ही एकदम चालायचं. दुपारी ओट्यावर चार बायका, एकीच्या मांडीवर दुसरीचं डोकं, उवा बघणं चालू आणि तिसऱ्याच घराच्या सुनेचं पोस्टमॉर्टेम पण चालू.

पूर्व भागात बिड्या वळणाऱ्या बायकांचं बघा. सुपात पानं आणि तंबाखू, बोटं आपोआप चालतात, नजर पण फार लागत नाही, पण हात गुंतलेले आणि तोंड मोकळं. मला वाटतं सगळी ग्यानबाची मेख इथंच आहे. हात गुंतलेले आणि तोंड मोकळं असलं की माणूस बोलतोच, आणि फोन शिरायला फट मिळत नाही. आमच्या शेजारच्या मावशी हल्ली सुपाला फोन टेकवून ठेवतात, पण तंबाखूच्या हातानं रील सरकवता येत नाही म्हणून तासाभराचा पिक्चर लावतात, आणि त्यात जाहिरात आली की नातवाला हाक मारतात, "ते घालव रे." तेवढ्या निमित्तानं नातू येतो, दोन मिनिटं बसतो, बिडीचा दोरा ओढतो, शिव्या खातो.

ऑक्सफर्डमध्ये नाव वल्हवणाऱ्या पोरांवर एक प्रयोग झालाय, २०१० च्या आसपासचा, डनबार त्यातही होते. तेवढाच व्यायाम एकट्यानं केला आणि टीमबरोबर एका ठेक्यात केला, तर एकत्र केल्यावर दुखणं सोसायची ताकद जास्त वाढलेली निघाली, म्हणजे एंडॉर्फिन जास्त सुटलं असणार असा अंदाज. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा काय डोळ्यासमोर आलं असेल? नंदीध्वज, आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या उंच काठ्या. संक्रांतीच्या आधी कितीतरी दिवस रात्रीचा सराव चालतो, एक जण काठी पेलतो, बाकीचे सावरायला, कमरेचा पट्टा आवळलेला, आणि पाऊल कुणाचंही एकट्याचं नसतं. काठी खांद्याशी असताना फोन कोण बघणार बे? गड्ड्याला, म्हणजे त्या यात्रेला, तेच सात नंदीध्वज पांढऱ्या बाराबंदीतल्या माणसांच्या समुद्रातनं येतात तेव्हा अंगावर काटा येतो, आणि आता त्यातही एक नवीन आलंय, संमती कट्ट्यापाशी अक्षता टाकताना एका हातात तांदूळ आणि दुसऱ्या हातात वर धरलेला फोन. मी पण केलंय. घरी येऊन व्हिडिओ बघितला तर आवाज फाटलेला, समोरच्याची टोपी, आणि अक्षता आपण नक्की कधी टाकल्या ते आठवेना.

सोशल मीडिया वाईटच, असं मी म्हणणार नाही, आणि अभ्यास पण तसं सरसकट म्हणत नाहीत. पोरांच्या बाबतीत तर अजून वाद चालू आहे की फोनमुळं पोरं उदास होतात का उदास पोरं फोनकडं जातात. २०१८ मध्ये अमेरिकेत काही हजार लोकांतल्या काहींना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद करायला लावलं होतं. दिवसाला सुमारे एक तास वाचला, त्यातला काही टीव्हीत गेला आणि काही घरच्यांत, मित्रांत. मन थोडं बरं झालं, थोडंच, फार नाही. बातम्यांची माहिती मात्र कमी झाली. म्हणजे बंद करून चमत्कार होत नाही, पण वाचलेला तास कुठं जातो ते महत्त्वाचं.

आणि माणसांचा फायदा किती मोठा, तर २०१० मध्ये ज्युलियन होल्ट-लनस्टॅड आणि त्यांच्या टीमनं १४८ अभ्यास एकत्र केले, तीन लाखांहून जास्त माणसांचे. ज्यांची नाती घट्ट त्यांची त्या त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता पन्नास टक्के जास्त. सिगारेट सोडण्याच्या तोडीचा फायदा. डॉक्टर बीपीची गोळी लिहून देतो, "रोज शेजारच्याकडं अर्धा तास बसा" असं मात्र कुणी चिठ्ठीवर लिहीत नाही.

आपल्याला वाटतं समोरच्याला बोलायचं नसेल, तो त्याच्या फोनमध्ये आहे, कशाला त्रास द्या. २०१४ च्या एका अभ्यासात शिकागोच्या लोकलमधल्या लोकांना विचारलं, शेजारच्या अनोळखी माणसाशी बोललात तर प्रवास कसा जाईल? बहुतेक म्हणाले गप्प बसलेलंच बरं. प्रत्यक्षात ज्यांना बोलायला लावलं त्यांचा प्रवास जास्त चांगला गेला. हुतात्मा एक्स्प्रेसला पूर्वी हे शिकवावं लागत नव्हतं. कुर्डुवाडीपर्यंत समोरच्याच्या डब्यातली शेंगाचटणी आपल्या कडक भाकरीवर आलेली असायची आणि दौंडपर्यंत त्याच्या पोरीसाठी स्थळ सुचवून झालेलं असायचं. आता डबाभर इअरफोन.

मग मी काय केलं? ॲप काढलं नाही, ठेवलं. पण गच्चीवर पडून असलेला कॅरम खाली आणला, घासला, नवीन सोंगट्या आणल्या आणि दुकान बंद केल्यावर शटरसमोर मांडायला लागलो. पहिले चार दिवस मी आणि पानपट्टीवाला, दोघंच. आता कधी आठ जण असतात. कॅरममध्ये बोटाला पावडर लागते, त्या बोटानं फोन धरला की स्क्रीनवर पांढरे ठसे उठतात, म्हणून फोन लांबच राहतो. परत तेच, हात गुंतलेले आणि तोंड मोकळं. वेलबीइंग आता दोन तासांच्या खालीवर असतं, आयपीएल चालू असली की तीन. ज्याच्याशी बोलणं बंद झालं होतं तो पण एकदा येऊन उभा राहिला, बोलला काही नाही, राणीला कव्हर घेतलं आणि गेला.

एक गोष्ट मात्र गंमत बाजूला ठेवून. सगळंच कॅरमनं सुटत नाही. सवय आणि व्यसन यात फरक करताना ब्रिटनचे मार्क ग्रिफिथ्स यांची कसोटी वापरतात, ती साधारण अशी, की दिवसभर डोक्यात तेच आहे का, मन बरं करायला तेच लागतं का, वेळ वाढतच चाललाय का, नाही मिळालं तर चिडचिड-घालमेल होते का, घरात-शाळेत-कामावर त्यावरनं भांडणं होतात का, आणि ठरवून सोडलं तरी परत तिथंच का. यातलं एखादं आपल्या सगळ्यांत निघेल, पण सगळं एकदम आणि महिनोन्‌महिने असेल, पोरगं शाळेला जात नसेल, फोन काढून घेतल्यावर हात उचलत असेल, तर डॉक्टरकडं न्या, लाजायचं काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंगच्या व्यसनाला २०१९ मध्ये आजारांच्या यादीत घेतलं, ती यादी २०२२ पासून लागू आहे. सोशल मीडियाचं व्यसन असा वेगळा आजार त्यात नाही, पण म्हणून त्रास खोटा ठरत नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत याच कामासाठी २०१४ पासून 'शट' नावाचं क्लिनिक चालतं, आणि सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा नंबर १४४१६ आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत पण बोलतात. आणि बऱ्याचदा फोनच्या खाली दुसरंच काहीतरी असतं, एकटेपण, भीती, वर्गात कुणी छळणारं, आपण फोनच्या नावानं ओरडत बसतो आणि ते तसंच राहतं.

बरं, त्या काकांचं सांगायचं राहिलं. त्या दिवशी त्यांचा फोल्डर चालेना, दुसरा मागवावा लागला, म्हणजे अजून तासभर. तेवढ्यात बाकड्यावर एक आजोबा येऊन बसले, साधा बटणवाला फोन घेऊन, चार्जिंग होत नाही म्हणून. दोघं आधी गप्प. मग उन्हाचा विषय निघाला, मग पाण्याचा, मग कळलं की आजोबा लक्ष्मी मिलला साच्यावर होते आणि काकांचे वडील पण तिथंच. झालं. आणि मग लागलं भांडण, की लक्ष्मीचा सकाळचा पहिला भोंगा कितीला व्हायचा. काका म्हणत होते सहाला, आजोबा म्हणत होते साडेसहाला, सहाचा तो जुन्या मिलचा. काकांचा हात सवयीनं खिशाकडं गेला, गुगल करायला. फोन माझ्या टेबलावर, पाच तुकड्यांत.

"अरे तू बघ की तुझ्यात," काका मला म्हणाले.

माझ्या दोन्ही हाताला गम लागलेला होता. तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी काका आले, वहीच्या कागदावर वडिलांच्या कुठल्यातरी सोबत्याला विचारून आलेलं उत्तर घेऊन, आणि आजोबांचा पत्ता विचारायला लागले. आजोबा संध्याकाळी स्वतःच आले. आता आठवड्यातनं दोनदा तरी बाकडं अडवून बसतात, फोनला काही झालेलं नसतं. भोंगा सहाचा का साडेसहाचा, ते अजून ठरलेलं नाही.